कर्ज लपवू नका, कागदावर मांडा

आपल्या समाजातील लहान दुकानदार, यंत्रमागवाले, शिवणकाम करणारे, बेकरीवाले, फर्निचरचे कारागीर यांच्याशी धंद्याविषयी बोलावयास बसले की ते सर्व काही मोकळेपणाने सांगतात. सुताचा भाव कसा चढला, कोणत्या व्यापाऱ्याने माल नेऊन तीन महिने पैसे दिले नाहीत, विजेचे बिल किती आले, कारागीर उचल घेऊन कसा निघून गेला. फक्त एक आकडा कोणी सांगत नाही. आपल्यावर एकूण कर्ज किती आहे, तो आकडा. फारच विचारले तर "असेल चार-पाच लाख" एवढे उत्तर मिळते आणि विषय बदलतो. थोडे अधिक खोलात गेल्यावर असे आढळते की पुष्कळांना तो आकडा खरोखरीच ठाऊक नसतो. त्यांनी कधी तो कागदावर मांडलेलाच नसतो.

या लपवण्याची कारणे दोन आहेत आणि दोन्ही समजण्यासारखी आहेत. व्याज हराम आहे हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत आहे. जो माणूस नमाजला पहिल्या सफमध्ये उभा राहतो त्याने आपण शेकडा पाच रुपये महिन्याने व्याज भरतो हे इमामसाहेबांना कोणत्या तोंडाने सांगावे? दुसरे कारण बाजारातील अब्रूचे. अमुक माणूस अडचणीत आहे अशी कुणकुण पेठेत लागली की दुसऱ्याच दिवशी सूतवाला रोखीशिवाय माल देत नाही आणि ज्यांचे देणे सहा महिन्यांनी आहे तेही दारात येऊन बसतात. म्हणून माणूस एकाचे फेडण्यासाठी दुसऱ्याचे घेतो, बायकोचे दागिने गहाण टाकतो, मेहुण्याला जामीन राहावयास लावतो आणि ईदच्या दिवशी सर्वांना हसतमुखाने गळाभेट देतो.

प्रेषित मुहम्मद (स.) नमाजमध्ये कर्जाच्या ओझ्यापासून अल्लाहचा आश्रय मागत असत. इतक्या वेळा हीच दुआ का, असे विचारले गेले तेव्हा त्यांनी जो खुलासा केला तो सहीह बुखारीत आहे. त्याचा आशय असा की कर्जात अडकलेला माणूस बोलू लागला की खोटे बोलतो आणि वचन देऊ लागला की ते मोडतो. या खुलाशात पैशाच्या तोट्याचा उल्लेखच नाही. उल्लेख आहे तो जबानीचा. "उद्या देतो" हे वाक्य आपल्या पेठेत दिवसातून किती वेळा बोलले जाते आणि बोलणाऱ्याला ते बोलताना काय ठाऊक असते, हे वाचकांना निराळे सांगावयास नको.

एका दुकानाचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. हे कोणा एका व्यक्तीचे नाही, आकडे समजण्यापुरते धरले आहेत; पण असे दुकान प्रत्येक मोहल्ल्यात सापडेल. कपडे शिवून विकणारा एक दुकानदार आहे. भाडे, कारागिरांची मजुरी, वीज वगैरे सर्व वजा जाता त्याच्या हातात महिन्याला ३२,००० रुपये पडतात. घरखर्च, मुलांची फी आणि आईचे औषधपाणी मिळून १९,००० जातात. उरतात १३,०००.

आता देणी पाहा. पतसंस्थेचे १,८०,००० बाकी, व्याज १४ टक्के, हप्ता ६,२००. नव्या मशीनसाठी फायनान्स कंपनीचे ९०,००० बाकी, हप्ता ५,४००. बँकेत दागिन्यांवर ६०,००० काढलेले, त्याचे व्याज महिना ६००. खाजगी सावकाराचे १,००,०००, शेकडा पाच रुपये महिन्याने म्हणजे दरमहा ५,००० आणि तेही नुसते व्याज. शिवाय रोजची वसुली: दहा हजाराच्या कागदावर सही, हातात साडेआठ हजार, आणि दररोज १०० रुपये असे १०० दिवस, त्यातील ६,००० अजून देणे आहेत. कापडाच्या व्यापाऱ्याची उधारी ७५,०००. मेहुण्याकडून हातउसने घेतलेले ५०,०००, बिनव्याजी.

बेरीज ५,६१,००० होते. तोंडाने सांगितलेले 'चार-पाच लाख' येथेच मागे पडले. परंतु खरी गोष्ट या बेरजेत नाही. दर महिन्याला द्यावी लागणारी रक्कम पाहा: ६,२००, ५,४००, ५,०००, रोजच्या वसुलीचे ३,००० आणि दागिन्यांचे ६००, एकूण २०,२००. उरतात १३,००० आणि द्यावयाचे २०,२००. कापडवाला आणि मेहुणा यांना अजून एक पैसाही दिलेला नाही, तरी महिन्याला ७,२०० ची तूट आहे. वर्षाला ८६,४००. ही तूट भरून काढण्यासाठी तो दरवर्षी नवे कर्ज काढणार, त्याचे व्याज वाढणार आणि पुढील वर्षी तूट आणखी मोठी होणार. हा माणूस आळशी नाही, उधळ्याही नाही. दुकान चालते आहे, गिऱ्हाईक आहे. रात्री बारापर्यंत मशीन चालवून तो बुडत आहे, कारण ही वजाबाकी त्याने कधी केलेली नाही.

सावकाराला वीस महिने व्याज दिले तेव्हा पूर्ण एक लाख भरून झाले आणि मुद्दल जागच्या जागीच आहे. रोजच्या वसुलीचे गणित तर कोणी करतच नाही, कारण शंभर रुपये हे चहापाण्याचे पैसे वाटतात. साडेआठ हजार घेऊन शंभर दिवसांत दहा हजार फेडणे म्हणजे वर्षाला शेकडा १२० च्या घरातील व्याज होय. पतसंस्थेच्या १४ टक्क्यांना नावे ठेवणारा माणूस हे १२० टक्के हसत हसत देत असतो.

कर्जाचा सल्ला देणाऱ्याचे, ज्याला क्रेडिट कौन्सेलर म्हणतात त्याचे, पहिले काम एवढेच असते की हा कागद तयार करणे. तो पैसे देत नाही. तो माणसाला समोर बसवतो, घरच्या मंडळींनाही बसवतो, पासबुके आणि चिठ्ठ्या मागवतो आणि एकेक देणे लिहून काढतो. नंतर घरखर्चाला हात न लावता खरोखर किती उरते ते पाहतो आणि एकेका धनकोशी बोलावयास बसतो. पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, ही उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदार करण्याविषयीच आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, हेही तीत सांगितले आहे. आपण ती आयत वाचतो आणि मेहुण्याचे पन्नास हजार मात्र तोंडी घेतो.

आमच्या उदाहरणातील दुकानदारासाठी काय करता येईल? पहिली गोष्ट, नवे कर्ज बंद. हप्ता भरण्यासाठी तर मुळीच नाही. गहाण पडलेले दागिने विकले तर समजा १,१०,००० येतात. त्यातून बँकेचे ६०,००० फिटतात आणि ५०,००० हाती राहतात. येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. दागिने पत्नीचे आहेत. ते तिच्या मर्जीने विकावयाचे आणि आलेली रक्कम तिचे देणे म्हणून त्याच कागदावर चढवावयाची. ती माफ करील तर तिची खुशी, पण नवऱ्याने ते गृहीत धरू नये.

या ५०,००० पैकी ६,००० देऊन रोजची वसुली त्याच दिवशी संपवावी. ४४,००० घेऊन, बरोबर दोन जाणती माणसे घेऊन, सावकाराकडे जावे. एक लाख व्याज पोहोचलेले आहे, आता तडजोड करा, असे सांगावे. समजा ७१,००० वर बोलणी झाली. तर ४४,००० रोख आणि बाकीचे २७,००० दरमहा ३,००० प्रमाणे नऊ महिन्यांत, लेखी. पतसंस्थेत अर्ज करून मुदत वाढवून घ्यावी. हप्ता ६,२०० ऐवजी ४,५०० झाला तर फेड सुमारे तीन वर्षांऐवजी साडेचार वर्षे चालेल आणि व्याज सुमारे २३,००० जास्त जाईल. हे नुकसान आहे, ते डोळ्यांसमोर ठेवूनच घ्यावे. परंतु हप्ता थकून जामीनदाराच्या घरी नोटीस जाण्यापेक्षा ते परवडते. आता महिन्याचे देणे राहिले ४,५००, ५,४०० आणि ३,०००, म्हणजे १२,९००. घरखर्चातून १,५०० काढता आले तर ते कापडवाल्याला. त्याला सांगावे की जुने खाते येथे थांबवू, नवा माल रोखीने नेऊ आणि जुन्यापैकी दरमहा एवढे देऊ. व्यापारी लोक यास बहुधा तयार होतात, कारण त्यांचे गिऱ्हाईक टिकते. नऊ महिन्यांनी सावकार संपला की त्याचे ३,००० कापडवाल्याकडे वळवावयाचे. पुढे मशीनचा हप्ता संपला की तो मेहुण्याकडे. अडीच वर्षांच्या आसपास पतसंस्था आणि घरातले देणे सोडून कोणी उरत नाही.

मेहुण्याला शेवटी ठेवले याबद्दल कोणी नाराज होईल. आमच्या मते त्याला आजच घरी जाऊन हा कागद दाखवावा आणि त्याची बारी केव्हा येते ते सांगावे. बिनव्याजी देणाऱ्याला आपण गृहीत धरतो आणि व्याज खाणाऱ्याला वेळेवर देतो. कर्जे हसना देणारे समाजातून कमी होत आहेत, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

बावीस लाखांचे कर्ज

ह. जुबैर बिन अव्वाम (रजि.) यांच्या कर्जाची हकिगत सहीह बुखारीत विस्ताराने आली आहे. लोक त्यांच्याकडे अमानत ठेवावयास येत, तेव्हा ते म्हणत की अमानत नको, कर्ज म्हणून द्या; म्हणजे रक्कम हरवली तरी तुमचे बुडणार नाही. जमलच्या लढाईच्या दिवशी त्यांनी मुलाला, अब्दुल्लाह (रजि.) यांना, सांगून ठेवले की मला सर्वांत मोठी चिंता कर्जाची आहे, मालमत्ता विकून ते फेड. त्याच दिवशी ते शहीद झाले. मुलाने हिशेब केला तो बावीस लाखांचा निघाला. रोख काहीच नव्हते. जमीन आणि घरे होती.

पुढे जे घडले ते आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. ह. हकीम बिन हिजाम (रजि.) भेटले आणि विचारले, पुतण्या, माझ्या भावावर किती कर्ज आहे? अब्दुल्लाह (रजि.) यांनी खरा आकडा सांगितला नाही, एक लाख सांगितले. तेवढेही तुमच्याने फिटेल असे वाटत नाही, असे हकीम (रजि.) म्हणाले, तेव्हा अब्दुल्लाह (रजि.) यांनी विचारले, आणि बावीस लाख असेल तर? यावर त्या बुजुर्गाने न फिटल्यास माझ्याकडे या, असे सांगितले. आकडा सांगावयास जीभ अडखळते हे अशा थोर माणसांच्या बाबतीतही घडले. परंतु आकडा बाहेर येताच मदतीचा शब्दही आला.

नंतर काम पद्धतशीर झाले. १,७०,००० ला घेतलेली गाबा येथील जमीन १६ लाखांना विकली गेली. एका धनकोने, अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) यांनी, आपले चार लाख माफ करण्याची तयारी दाखवली; ती न घेता त्यांना तेवढ्या मोलाची जमीन दिली गेली. वारस वाटणी मागू लागले तेव्हा अब्दुल्लाह (रजि.) यांनी ती थांबवून धरली आणि सलग चार वर्षे हजच्या मोसमात पुकारा केला की ज्याचे जुबैर (रजि.) यांच्याकडे येणे असेल त्याने यावे. चार वर्षांनंतरच वाटणी झाली. आपल्याकडे वडील वारल्यावर चाळिसाव्याच्या आत दुकानाच्या चाव्यांवरून भांडणे सुरू होतात आणि वडिलांच्या देण्यांची यादी कोणी मागत नाही. वाटणीचे नियम सांगणाऱ्या आयतीत कर्ज फेडल्यानंतरच वाटा, हे पुनःपुन्हा सांगितलेले असताना ही स्थिती आहे.

मस्जिदीतील तडजोड

सल्लागाराचे दुसरे काम धनकोशी बोलण्याचे. याचाही नमुना हदीसमध्ये आहे. काब बिन मालिक (रजि.) यांचे इब्ने अबी हदरद (रजि.) यांच्याकडे येणे होते. मस्जिदीतच तगादा सुरू झाला आणि आवाज चढले. प्रेषित (स.) यांनी आपल्या खोलीचा पडदा सारून काब यांना हाक दिली आणि हाताने खुणावले, अर्धे सोडा. काब (रजि.) यांनी लगेच मान्य केले. मग कर्जदाराला आज्ञा झाली की ऊठ आणि बाकीचे दे. तडजोडीच्या या दोन्ही बाजू लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. सूट मिळाली आणि त्याच बैठकीत फेडही झाली. सूट घेऊन वर पुन्हा मुदत मागणाऱ्याचे पुढच्या वेळी कोणी ऐकत नाही.

काही तरुण मंडळी असा युक्तिवाद करतात की व्याजच हराम, म्हणून बँकेचे देणे बुडवले तर बिघडले कुठे? हा विचार चुकीचा आहे. मुद्दल दुसऱ्याचे आहे आणि करार आपल्या सहीचा आहे. थकवल्याने व्याज वाढतेच. व्याजातून बाहेर पडण्याचा मार्ग लवकर फेडणे हाच आहे. व्याजाच्या रकमेविषयी कोणाच्या मनात प्रश्न असेल तर त्याने आलिमांना विचारावे, पण हप्ता थांबवून नव्हे.

आणि एक कटू गोष्ट. मोहल्ल्यातील सगळेच सावकार बाहेरचे नसतात. एक लाख 'धंद्यात लावावयाचे', नफा असो की तोटा असो दरमहा चार हजार 'नफा' म्हणून घ्यावयाचे आणि मुद्दल शेवटी पूर्ण परत घ्यावयाचे, ही भागीदारी नव्हे. नाव बदलल्याने व्यवहार बदलत नाही. कुरआनात धनकोला मुद्दलाचा हक्क दिला आहे आणि कर्जदार तंगीत असेल तर सवड द्या, सोडून दिले तर अधिक चांगले, असे सांगितले आहे. ते हा 'नफा' घेणाऱ्यांनाही लागू आहे.

कायदा काय म्हणतो

सावकाराशी बोलणी करावयास जाताना कायदा माहीत असला की आवाज आपोआप खाली राहतो. महाराष्ट्रात सावकारी (नियमन) कायदा २०१४ पासून आहे. त्यापूर्वी १९४६ चा मुंबई सावकारी कायदा होता. परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. २०१४ मध्ये शासनाने ठरवून दिलेले कमाल व्याजदर शेतकऱ्यांसाठी तारण कर्जावर वर्षाला ९ व विनातारण १२ टक्के, तर इतरांसाठी तारणावर १५ व विनातारण १८ टक्के असे आहेत. शेकडा पाच रुपये महिन्याने म्हणजे वर्षाला ६० टक्के. त्या माणसाकडे परवाना आहे की नाही हे तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात कळते आणि तक्रारही तेथे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. सावकारीच्या व्यवहारात खरेदीखत करून लिहून घेतलेली जमीन किंवा जागा परत मिळविण्याची तरतूदही या कायद्यात आहे, मात्र व्यवहार अर्जापूर्वी पंधरा वर्षांच्या आतील असावा लागतो. कायद्याचा धाक दाखवून मुद्दल गिळावे असे आम्ही कोणास सुचवीत नाही.

कोऱ्या चेकवर सही ही आपल्या कारागिरांची जुनी खोड. "नुसता ठेवायला दिला होता" हा बचाव चालत नाही. सही केलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी तो देण्यासाठीच दिला असे गृहीत धरले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे; देणे नव्हते हे आपल्याला सिद्ध करावे लागते. चेक परत गेल्यावर समोरच्याने तीस दिवसांत नोटीस पाठवावयाची असते आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस आपल्या हातात असतात. या पंधरा दिवसांत पैसे दिले किंवा लेखी तडजोड झाली तर कलम १३८ चा खटला टळतो. परंतु घाबरून नोटीस न स्वीकारणारे पुष्कळ आहेत. त्याने काही वाचत नाही, मुदत मात्र निघून जाते.

जामीन राहणाऱ्यांसाठी एकच वाक्य: १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला मिळवला की वसुली अधिकारी दोघांच्याही दारात येऊ शकतो.

बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, शिवीगाळ करू नये, नातेवाइकांसमोर अपमान करू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बजावले. हप्ता चुकल्याचा दंड मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावू नये, असे ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले. म्हणून खात्याचा उतारा मागून घ्यावा आणि दंडाच्या ओळी तपासाव्यात. मोहल्ल्यातील बचतगटांतून महिलांना मिळणाऱ्या मायक्रोफायनान्स कर्जासाठी २०२२ पासून नियम आहे की कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. एकाच घरात तीन कंपन्यांची तीन पुस्तके असतील तर हा नियम कोठेतरी मोडला आहे असे समजावे. मोबाइलवरील कर्जाच्या अॅपना फोनमधील नावे आणि फोटो पाहण्याची मनाई २०२२ पासूनच आहे. तशी धमकी आल्यास १९३० या सायबर क्रमांकावर तक्रार करावी आणि नवे अॅप उतरवून जुन्याचे फेडू नये.

तडजोड झाली की पैसे देण्यापूर्वी तिचे पत्र हातात घ्यावे. फेड पूर्ण झाल्यावर बेबाकी दाखला, परत केलेले चेक आणि तारणाची कागदपत्रे. मालमत्तेची मूळ कागदपत्रे पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत परत न दिल्यास, विलंब बँकेचा असेल तर, दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला. सातबारा किंवा मालमत्तापत्रकावरील बोजा मात्र आपणहून जाऊन कमी करून घ्यावा लागतो. आणखी एक सावधगिरी. सूट घेऊन मिटवलेल्या खात्यावर पतअहवालात 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढे कर्ज मागताना तो आडवा येतो. पूर्ण फेडणे शक्य असेल तर तेच बरे. हा अहवाल सिबिल वगैरे चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. "आम्ही तुमचा सिबिल साफ करून देतो" असे म्हणून आगाऊ फी मागणाऱ्यांपासून दूर राहावे; खरा शेरा पैसे देऊन पुसता येत नाही आणि खोटा असेल तर अर्ज करून फुकट दुरुस्त होतो.

सल्ला कोठे मिळतो

आपल्या देशात या कामाची सुरुवात फार जुनी नाही. बँक ऑफ इंडियाने २००६ मध्ये मुंबईत 'अभय' नावाचे कर्ज सल्ला केंद्र सुरू केले. फेब्रुवारी २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांसाठी आर्थिक साक्षरता व कर्ज सल्ला केंद्रांची योजना आखली आणि सल्ला विनामूल्य असावा असे ठरवले. जून २०१२ मध्ये ही केंद्रे नुसती 'आर्थिक साक्षरता केंद्रे' झाली. नावातून कर्ज सल्ला गेला आणि आमच्या मते कामातूनही बराचसा गेला. खाते कसे उघडावे हे शिकविणे वेगळे आणि पाच धनकोंना एका टेबलाशी आणणे वेगळे. इंग्लंडमध्ये १९९३ पासून एक धर्मादाय संस्था हे दुसरे काम करते. कर्जदार एकच रक्कम देतो, ती धनकोंमध्ये वाटली जाते, कर्जदाराकडून फी घेतली जात नाही आणि खर्चाचा मोठा भाग धनको उचलतात. आपल्याकडे जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या कार्यालयात चौकशी केल्यास जवळच्या केंद्राचा पत्ता मिळतो, तो घ्यावा. बँकेने तीस दिवसांत तक्रारीची दाद न घेतल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. कोर्टात गेलेले प्रकरण लोकअदालतीत मिटले तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते.

धंदेवाल्याची दुसरी बाजूही त्याच कागदावर यावी: येणे. नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योजकाचे पैसे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांपेक्षा जास्त अडवून धरता येत नाहीत, असे २००६ चा कायदा सांगतो. मजुरीवर माग चालविणाऱ्या कितीजणांनी ही 'उद्यम' नोंदणी केली आहे? ती फुकट होते. न दिलेल्या रकमेसाठी शासनाच्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते.

परंतु हे सर्व करण्यास आधी कोणीतरी शेजारी बसणारे हवे, आणि ते मोहल्ल्यातच हवे. जकातीचे जे आठ हक्कदार कुरआनाने सांगितले त्यांत कर्जदार आहेत. आपल्याकडे रमजानमध्ये जकात निघते ती मदरसे आणि गरिबांच्या किटमध्ये बहुतेक संपते. हा कर्जदारांचा वाटा कोणत्या बैतुलमालच्या वहीत वेगळा दिसतो, ते वाचकांनी आपापल्या गावी पाहावे. उधळपट्टीचे कर्ज आणि आजारपणाचे कर्ज यांत फरक केला पाहिजे, कबूल. कागद मांडल्याशिवाय तो फरक तरी कसा कळणार? वरील उदाहरणात रोजच्या वसुलीचे सहा हजार बैतुलमालने भरले असते तर तेवढे दागिने वाचले असते.

यासाठी फार मोठ्या व्यवस्थेची गरज नाही. बँकेतून निवृत्त झालेला एखादा गृहस्थ, कर सल्लागार किंवा हिशेबनीस, आणि ज्याचा शब्द पेठेत चालतो असा एक व्यापारी. जुम्याच्या नमाजनंतर दोन तास, मस्जिदीच्या मुख्य दालनात नव्हे तर बाजूच्या खोलीत. महिलांसाठी वेगळा दिवस, कारण बचतगटांची पुस्तके त्यांच्याच पर्समध्ये असतात. येणाऱ्याने पासबुके, हप्त्यांची कार्डे, आलेल्या नोटिसा न फोडलेल्या असल्या तरी तशाच, वीजबिल, शाळेची फीची पावती आणि उधारीची वही घेऊन यावे. नोंदवहीत नाव लिहू नये, फक्त क्रमांक लिहावा. नाव आणि क्रमांकाची यादी एकाच माणसाकडे, कुलपात. त्या यादीतील एक शब्द पेठेत गेला तर पुढच्या जुम्याला कोणी येणार नाही.